टाकणं, साठवणं आणि जपणं

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आधी आजच्या विषयाचं निमित्त सांगतो आणि मग मुद्द्याकडे येतो. आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. दोन महिन्यांत घर रिकामं करून द्यायचं, तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची आणि मग, आपण असलो तर, नव्या घरात यायचं. (हशा) तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सोसायट्या निघाल्या आहेत.

घरात पुस्तकं चार हजारांच्या आसपास आहेत. शिवाय माळ्यावर दोन ट्रंका, आईची पितळी भांडी, एक बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि एक हार्मोनियम, जिचा भाता फाटलेला आहे. मुलगी दिवाळीला बंगळुरूहून आली. तिने हे सगळं पाहिलं, काही बोलली नाही आणि परत गेल्यावर कुरिअरने एक पुस्तक पाठवलं. म्हणजे पुस्तकं कमी करण्याच्या मोहिमेची सुरुवात एक पुस्तक वाढून झाली.

पुस्तक मारी कोंडो या जपानी बाईंचं. इंग्रजीत ते २०१४ साली आलं, २०१९ मध्ये त्यांच्या पद्धतीवर नेटफ्लिक्सने मालिका केली आणि 'ही वस्तू मला आनंद देते का?' हा प्रश्न घरोघरच्या कपाटांपुढे उभा राहिला. मी ते पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाची ही खोड असते. समोर अगदी कपाट आवरण्याचं पुस्तक आलं, तरी त्यातला सिद्धान्त कोणता आणि तो कशावर उभा आहे, हे तो शोधत बसतो. आपल्याकडचा शिरस्ता असा, की आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि तो असा मांडायचा की समोरच्यानेही म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.'

तर पूर्वपक्ष. कोंडोबाई म्हणतात, खोलीनुसार आवरू नका, प्रकारानुसार आवरा. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ वस्तू आणि आठवणींच्या वस्तू सगळ्यांत शेवटी. एका प्रकारातलं घरातलं सगळं जमिनीवर एकत्र आणा. एकेक वस्तू हातात घ्या. मनात काही उमललं तर ठेवा, नाहीतर तिचे आभार माना आणि निरोप द्या. यासाठी त्यांचा मूळ जपानी शब्द आहे 'तोकिमेकु'. छातीत हलकी धडधड व्हावी, उमेद वाटावी, असा काहीसा त्याचा भाव. बाईंनी तरुणपणी शिंतो देवळात सेविका म्हणून काम केलं आहे आणि ते पुस्तकात जाणवतं. घराला नमस्कार करा, वस्तूचे आभार माना, हे सगळं दसऱ्याला हत्यारांना आणि पुस्तकांना हळदकुंकू वाहणाऱ्या माणसाला परकं वाटत नाही.

त्यांच्याच देशातले दुसरे एक लेखक फुमिओ सासाकी. हे गृहस्थ प्रकाशनसंस्थेत संपादक, म्हणजे पुस्तकांच्या ढिगाऱ्यात राहणारे. त्यांनी सगळा संग्रह काढून टाकला आणि टोकियोतल्या लहानशा जागेत मोजक्या वस्तूंनिशी राहू लागले. ते २०११ च्या भूकंपाचाही उल्लेख करतात. जिथे जमीन हलते, तिथे माणूस डोक्याशी असलेल्या कपाटाकडे वेगळ्या नजरेने पाहणारच. त्यामुळे मिनिमलिझमला 'हे एक फॅड आहे' म्हणून मी उडवून लावणार नाही. त्यामागे लहान घरं आहेत, भीती आहे आणि गरजेपेक्षा जास्त विकत घेतल्याचा पश्चात्ताप आहे. हे सगळं खरं आहे.

आता माझे आक्षेप. तीन आहेत.

पहिला आक्षेप कसोटीवर. माझ्याकडे गीतारहस्याची एक प्रत आहे. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या सुमारास पेन्सिलीने लिहिलं आणि १९१५ मध्ये ते छापलं गेलं, हे आपल्याला माहीत आहे. माझ्याकडची प्रत बरीच नंतरची. पुठ्ठा सुटलेला, मधली दहा-बारा पानं कसरीने खाल्लेली. ती माझ्या वडिलांची. वडील पोस्टात कारकून होते. घरात, कचेरीत, नातेवाइकांत, कुणालाही त्यांनी उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. ते गेल्यावर आठ-दहा वर्षांनी एका टिपणासाठी मी ती प्रत उघडली. समासात बारीक अक्षरात ठिकठिकाणी लिहिलेलं: 'पटत नाही.' कुठे 'पुन्हा पाहणे.' आणि एका पानावर: 'मग घरी बसलेल्या माणसाने काय करावे?'

मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, बत्तीस वर्षं शिकवलं. पण ज्या घरात वाढलो, त्या घरात एक माणूस रात्री जेवणं झाल्यावर लोकमान्यांशी वाद घालत बसायचा, हे मला माहीत नव्हतं.

ही प्रत हातात घेतली की आनंद होतो का? खरं सांगू, नाही होत. पोटात खड्डा पडतो. आपण त्यांना कधी काही विचारलं का नाही, असं वाटतं. म्हणजे कसोटीवर ही प्रत नापास. कोंडोबाई यावर म्हणतील, 'अहो, ही पुस्तकांत धरू नका, आठवणींच्या वस्तूंत धरा.' कबूल. पण ती आठवणीची वस्तू आहे, हे मला ती उघडल्यावर कळलं. आणि त्यांचा तर नियम असा, की आवरताना पुस्तक उघडायचं नाही, वाचायला लागलात तर निर्णय गढूळ होतो. न उघडता ठरवलं असतं, तर तो समास कायमचा रद्दीत गेला असता.

इथे कसोटीतला दोष दिसतो. ही कसोटी न्यायाधीश कुणाला करते? आजच्या मला. आज, या घटकेला, माझ्या छातीत काय होतं, एवढ्यावर निकाल. पण वस्तू पुष्कळदा माझ्याबद्दल नसतेच. ती दुसऱ्या कुणाची साक्ष असते, आणि साक्षीदार मला आवडतो की नाही यावर त्याची साक्ष ग्राह्य धरायची नसते.

कुणी म्हणेल, गीतारहस्य आता फोनवर फुकट वाचता येतं, चार इंच जागा अडवायची कशाला? मजकूर फोनवर आहे, हे खरं. पण मजकूर वेगळा आणि प्रत वेगळी. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताचा १९३१ चा एक निबंध आहे, आपली पुस्तकं खोक्यांतून बाहेर काढण्यावर. त्यात पुस्तकांत काय लिहिलंय यावर तो फारसं बोलतच नाही. कुठलं पुस्तक कुठल्या गावात मिळालं, कुठल्या लिलावात हाती लागलं, हेच सांगत बसतो. दोन वर्षांत त्याला जर्मनी सोडावी लागली आणि १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवर त्याचा अंत झाला. तो खोकी उघडत होता, मी सध्या बांधतोय. पण प्रत म्हणजे काय, हे त्याच्याइतकं थोड्यांनाच कळलं असेल.

आणि प्रतीचं मोल कळण्यासाठी जर्मनीला जायची गरज नाही. भांडारकर संस्थेत या. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. त्यासाठी देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी, किती लिप्या! यातल्या कितीतरी पोथ्या पिढ्यानपिढ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. ठेवणाऱ्यांतल्या किती जणांना त्या वाचता येत होत्या, कोण जाणे. गंमत अशी, की या कामात चुकीची प्रतसुद्धा उपयोगी पडते. दोन पोथ्यांत एकच चूक असली, तर त्यांचं मूळ एक असावं, असं अनुमान काढता येतं. नक्कल करणाऱ्याची डुलकीही पुरावा ठरते. 'हिच्यात चुका आहेत, हिचा उपयोग नाही' म्हणून कुणी पोथी नदीत सोडली असती, तर तेवढी एक वाट बुजली असती. इथे प्रश्न आनंदाचा नव्हताच. कुणीतरी ठेवलं, एवढंच.

दुसरा आक्षेप. हल्ली कुणीही म्हणतो, 'सर, मिनिमलिझम म्हणजे आपला अपरिग्रहच की!' नाही हो. नावात सारखेपणा दिसतो म्हणून वस्तू एक होत नाही. पतंजलींच्या पाच यमांत अपरिग्रह शेवटचा. व्यासभाष्यात त्याची कारणं दिली आहेत: वस्तू मिळवण्यात दोष, राखण्यात दोष, ती नाश पावते हा दोष, तिच्यात मन गुंततं हा दोष आणि तिच्यासाठी हिंसा घडते हा दोष. (यातला 'नाश पावते' हा दोष ज्याच्या कपाटाला वाळवी लागली आहे, त्याला समजावून सांगावा लागत नाही.) जैनांकडे उमास्वातींनी तर एका शब्दात काम केलं. परिग्रह म्हणजे काय? मूर्च्छा. वस्तू किती आहेत, हा प्रश्नच नाही. वस्तूमुळे शुद्ध हरपते का, हा प्रश्न आहे.

आता या व्याख्येपुढे 'जे मला आनंद देतं तेवढंच ठेवा' हे सूत्र ठेवून पाहा. ज्या वस्तूत माझं मन सर्वांत जास्त गुंततं, नेमकी तीच ठेवायची! उमास्वातींच्या हिशेबाने हा परिग्रहाचा अर्क झाला. चारशे वस्तू गेल्या, पण ज्या चाळीस उरल्या, त्या सगळ्या मूर्च्छेच्या. पांढरी भिंत, एक खुर्ची, एक कुंडी, आणि त्या खुर्चीवर 'माझी निवड किती नेमकी' या समाधानात बसलेला मी. गांधींकडेही वस्तू थोड्या होत्या, पण त्यांनी विचार दिला तो विश्वस्तपणाचा. जे हातात आहे, ते माझं नाही, माझ्याकडे सोपवलेलं आहे. गीतारहस्याची ती प्रत माझी नाही. ती माझ्याकडे आहे. हा फरक ज्याला कळला, त्याच्याकडे चार हजार पुस्तकं असूनही तो अपरिग्रही असू शकेल. मी तसा आहे असा माझा दावा नाही. पुस्तक उसनं नेऊन परत न करणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे आणि त्यातले दोघे आज सभागृहात आहेत. (हशा)

योगसूत्रांत पुढे असं म्हटलं आहे, की अपरिग्रह स्थिर झाला म्हणजे आपण कोण होतो, कसे होतो, याचा बोध होतो. ज्यांचा झाला, त्यांना माझा दंडवत. आमच्यासारख्यांना तेवढाच बोध माळ्यावरच्या ट्रंकेतून होतो.

तिसरा आक्षेप 'टाका' या क्रियापदावर. टाकणं केव्हा सोपं असतं? लागलं तर पुन्हा विकत घेता येईल, ही खात्री असते तेव्हा. रिकामं घर ऐटीत ठेवता येतं, कारण कोपऱ्यावर दुकान आहे आणि खिशात पैसे आहेत. ज्याला ही खात्री नाही, तो दोरीचा तुकडाही गुंडाळून ठेवतो. त्याला आपण पसारा म्हणतो.

आपल्या घरांत टाकणं फार थोडं होतं. आईची साडी विरली की तिची गोधडी व्हायची. गोधडी फाटली की तिचे तुकडे पायपुसण्याला, आणि शेवटी पोतेरं. जे कपडे धड असत ते बोहारणीकडे. दुपारी ती पाटी घेऊन पायरीवर बसायची, सहा साड्या आणि वडिलांची एक पँट यांच्या बदल्यात स्टीलचं एक पातेलं, आणि त्यावरून तासभर घासाघीस. त्या तासात प्रत्येक कपड्याचा इतिहास निघायचा. 'ही बघ, हिच्या बारशाची आहे, जर अजून काळी पडली नाही!' कोंडोबाईंचा निरोपसमारंभ तो हाच, फक्त आमच्याकडे वस्तूचे आभार मानून झाले की तिचा भावही ठरायचा. यासाठी मराठीत शब्द आहे: 'मार्गी लावणं'. मुलगी मार्गी लावतात, काम मार्गी लावतात, तशी वस्तूही मार्गी लावतात. टाकताना वस्तू माझ्या नजरेआड झाली की माझं काम संपतं. मार्गी लावताना ती कुठे पोचली, हे पाहावं लागतं.

आणि भांड्यांचं काय सांगू! आमच्या पितळी तांब्यावर ठोके मारून नाव घातलं आहे. देणाऱ्या आत्याचं, लग्नाची तारीख, गावाचं नाव. त्या आत्याचा एकही फोटो नाही. तिला अक्षरओळख नव्हती. या जगात तिचं नाव लिहिलेलं एकच ठिकाण आहे, तो तांब्या. त्याला पोचा आहे, कल्हई केव्हाच गेली, पाणी ठेवता येत नाही.

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पुण्याच्या माणसाला सांगायला नको. पण पाहुणे आले की दाखवायला जातो, एवढंच. एकदा एकटे जा. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणी गेला. त्या मुलाच्या नावाने या माणसाने आयुष्यभर काय गोळा केलं? राजांच्या तलवारी शोधणारे खूप होते. यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, करंडे, दौती, पाय घासायच्या वज्री गोळा केल्या. सुमारे वीस हजार वस्तू, आणि १९७५ मध्ये त्या सगळ्या सरकारच्या हवाली केल्या. ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, अशा माणसांचे हात त्या वस्तूंवरून फिरलेत. यातली एकेक वस्तू कुणाच्या तरी घरी अडगळच होती. नेमाड्यांनी आपल्या 'हिंदू' कादंबरीच्या नावात 'समृद्ध अडगळ' हा शब्दप्रयोग केला, तो लोकांच्या तोंडी बसला तो उगाच नाही.

आता उलटतपासणी. इतका वेळ मी दुसऱ्यांवर बोललो. पण आक्षेप घेणाऱ्यानेही पिंजऱ्यात उभं राहायला हवं.

अमेरिकेतले थोरो, ज्यांचं 'वॉल्डन' १८५४ मध्ये आलं, त्यात एक प्रसंग आहे. त्यांच्या टेबलावर चुनखडीचे तीन दगड होते. ते रोज पुसावे लागतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी ते खिडकीबाहेर फेकून दिले. मी हे वर्गात तीस वर्षं मजेने सांगत आलो. गेल्या महिन्यात खोकी बांधताना घरी सांगितलं. तर ही, म्हणजे माझी पत्नी, आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, ती म्हणाली, "त्यांना निदान पुसावे लागतात हे कळलं तरी." (हशा)

मी हसलो नाही. पंचेचाळीस वर्षं पुस्तकं माझी होती आणि धूळ तिची होती. दर दिवाळीला प्रत्येक खण रिकामा करून, पुसून, डांबराच्या गोळ्या ठेवून पुन्हा लावायचा. आणि क्रम चुकला तर मी चिडायचो. तिला दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, घरात धूळ कशाची आहे? त्या वेळी मी काय उत्तर दिलं, ते आज इथे सांगत नाही. संग्रहाच्या आनंदावर मराठीत सुंदर लेखन झालेलं आहे, पण त्यातलं बरंचसं पुरुषांचं आहे. तो खण कोण पुसत होतं, ते त्यात सापडत नाही. मिनिमलिझम बायकांना इतका का भावला, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. कोंडोबाईंनीही तिसऱ्या मुलानंतर, २०२३ मध्ये, आपण आवरण्याचा हट्ट आता बराचसा सोडल्याचं सांगितलं. लोकांनी त्यांची थट्टा केली. मला त्या दिवसापासून त्या जास्त जवळच्या वाटू लागल्या.

दुसरी गोष्ट. चार हजारांतली निम्मी पुस्तकं मी जपलेली नाहीत, साठवलेली आहेत. ती पुन्हा उघडलेली नाहीत, कुणाला दिलेली नाहीत, आहेत हेही आठवत नव्हतं. एका ग्रंथालयाला विचारलं, त्यांनी नम्रपणे सांगितलं, जागा नाही. रद्दीवाल्याने वजनाचा भाव सांगितला. म्हणजे बाजाराला त्यांचं वजन कळतं आणि ग्रंथालयाला त्यांची लांबीरुंदी. हे दुःख खरं आहे, पण ते माझ्यामुळेही आहे. वीस वर्षांपूर्वी, माझे विद्यार्थी ती पुस्तकं शोधत फिरत होते तेव्हाच, ती मार्गी लावायला हवी होती. साठवणं आणि जपणं दिसायला सारखं, कपाट एकच. पण जपण्याला हात लागतो. मराठीत जप करण्यालाही 'जपणं' म्हणतात, कारण त्यात पुन्हा पुन्हा येणं आहे.

तेव्हा आमच्या घरात सध्या कोंडोबाईंच्या एका प्रश्नाऐवजी दोन प्रश्न चालू आहेत. एक माझा, एक हिचा. माझा प्रश्न: हे गेलं तर पुन्हा मिळेल का? हिचा प्रश्न: याची धूळ कोण पुसणार? पहिल्याचं उत्तर 'मिळेल' असेल, तर वस्तू मार्गी लावायची. 'नाही मिळणार' असेल, तर दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर 'मी' असं देता आलं तरच ती खोक्यात जाते. गेले पाच आठवडे मी नाकाला फडकं बांधून पुसतोय. शंभर पुस्तकं पुसली की तत्त्वज्ञान बरंच जागेवर येतं.

आतापर्यंत अकराशे पुस्तकं ठेवायची ठरली आहेत. तांब्या येतोय. हार्मोनियम एका शिक्षकांनी नेली, ते भाता बदलून घेणार आहेत. घड्याळाचं अजून ठरत नाही. ते माझ्या सासऱ्यांचं आहे, तेव्हा त्यात मला मत नाही. आणि गीतारहस्य मी खोक्यात न घालता हातातल्या पिशवीतून नेणार आहे. वडिलांच्या त्या प्रश्नाखाली, घरी बसलेल्या माणसाने काय करावे, त्याखाली पेन्सिलीने काहीतरी लिहावं असं मनात आहे. अजून सुचलेलं नाही.

शेवटचं. दाराजवळच्या टेबलापाशी सहा खोकी आहेत. जाताना पाहा, हवी ती पुस्तकं घेऊन जा, पैसे नकोत. दोनच अटी. आत कुणाचं नाव, तारीख, समासात काही लिहिलेलं असेल तर ते खोडायचं नाही. आणि घरी गेल्यावर धूळ स्वतः पुसायची.